भरिताचा स्वाद आणि उष्णतामान

जळगाव व धुळे जिल्ह्यांत वांग्याचे भरीत हे हिवाळ्यातील आवडीचे खाद्य होय. ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजण्याची रीत आहे. जळगावच्या फिकट हिरव्या, मोठ्या व कमी बियांच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि भरिताचा स्वाद केवळ वाणावर अवलंबून नाही. तो भाजण्यावरही अवलंबून आहे.

वांग्याच्या वजनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. त्यामुळे ज्वाळेत सापडलेली साल करपत असतानाही, पाणी शिल्लक असेतोवर आतील गराचे उष्णतामान १०० अंश सेंटिग्रेडच्या फारसे वर जात नाही. गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. त्याच वेळी काड्यांतील लिग्निन या घटकाचे उष्णतेने विघटन होऊन ग्वायाकोलसारखी वासाची द्रव्ये धुरात उतरतात व साल तडकल्यावर गरात शिरतात. गॅसच्या शेगडीवर साल करपते, परंतु हा धूर लाभत नाही.

जाळ अतिप्रखर असल्यास साल जळून जाते व देठाजवळचा गर कच्चा राहतो. म्हणून जाळ बेताचा ठेवून वांगे वरचेवर फिरवावे. करपलेल्या सालीत बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये असू शकतात. यास्तव ती कसोशीने काढून टाकणे इष्ट होय. मात्र सोललेले वांगे पाण्याने धुऊ नये. सालीच्या कणांबरोबर गराचा रस व धुराचा स्वादही वाहून जातो.