शिसपेन्सिलीतला दगड

शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ग्रॅफाइट, म्हणजे शुद्ध कार्बन, चिकणमातीत कालवून भाजलेला. माती जास्त तर पेन्सिल कठीण. गणपतींच्या पेणला मातीचे महत्त्व वेगळे सांगायला नको!

मग पेणजवळच्या रामवाडीभोवती एवढा काळा कातळ असताना त्यात ग्रॅफाइट का सापडू नये? नुसत्या काळेपणावर जाऊ नये. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थिजून तयार झालेला. त्याचा रंग लोहयुक्त खनिजांचा. कागदावर घासला तर रेघ उमटत नाही. ग्रॅफाइट बोटालाही लागते.

ग्रॅफाइटचे बरेचसे साठे जन्मले ते प्राचीन समुद्रांच्या गाळात. गाळातले सूक्ष्म जीवांचे अवशेष खोल गाडले गेले, तापले, दबले. बाकी सारे निघून गेले, कार्बन उरला आणि त्याचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत बसले. हे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पेन्सिल लिहिते. ओडिशातले आणि तामिळनाडूत शिवगंगेकडचे ग्रॅफाइट अशाच जुन्या, भाजून निघालेल्या खडकांत चकत्यांच्या रूपात आहे. श्रीलंकेत बोगला येथे मात्र ते भेगांत शिरांसारखे भरलेले दिसते.

कार्बन मुळात जीवांचा की भूगर्भातल्या वायूंचा, हे कसे ओळखायचे? कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत, १२ आणि १३. सजीव हलका १२ अधिक घेतात, आणि ती खूण कोट्यवधी वर्षे टिकते. केरळच्या खडकांत दोन्ही प्रकारचे मूळ आढळले आहे.

लाव्हात ग्रॅफाइट कधीच नसते, असेही नाही. इंग्लंडमधील बॉरोडेलची सोळाव्या शतकापासूनची प्रसिद्ध खाण ज्वालामुखीच्या खडकातलीच. तिथे वर येणाऱ्या शिलारसाने वाटेतला कार्बनयुक्त चिखलखडक गिळला, असे मानतात.

हा शोध केवळ कुतूहलाचा नाही. लिथियम बॅटरीचा ऋण ध्रुव बहुधा ग्रॅफाइटचा असतो, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत त्याला स्थान दिले. महाराष्ट्रात शोधायचे तर लाव्हाखालचे जुने खडक उघडे पडलेत तिथे, म्हणजे दक्षिण सिंधुदुर्गात किंवा पूर्व विदर्भात. रामवाडीत ते लाव्हाच्या शेकडो मीटर थरांखाली दडले आहेत.