दलदलीतील मेंढपाळ : जॉन ग्रिग

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कँटरबरीच्या मैदानाच्या समुद्रकाठी लाँगबीच नावाचा मळा आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातून आलेल्या जॉन ग्रिग यांनी १८६४ साली ऑकलंडचे वकील थॉमस रसेल यांच्या भागीदारीत तो हाती घेतला. क्षेत्र सुमारे ३२,००० एकर. परंतु त्याचा मोठा भाग निव्वळ दलदल. अशा जमिनीत जनावर रुतते आणि सतत ओल्यात उभ्या राहणाऱ्या मेंढ्यांचे खूर सडतात. मेंढपाळास ही जमीन कुचकामीच वाटावी.

ग्रिग यांनी प्रथम पाण्याला वाट करून दिली. मोठे उघडे चर समुद्राकडे उतरते खणले. त्यांना मिळणाऱ्या जमिनीखालच्या चरांत भाजलेल्या मातीच्या नळ्या बसविल्या. या नळ्या मळ्यावरील भट्टीतच भाजल्या जात. नळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत शिरते व उताराने वाहून जाते. म्हणून असे काम नेहमी निकासाच्या टोकापासून वर करीत आणावे लागते. कालव्याच्या पाण्याने चिबड झालेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको. निचरा झालेल्या रानात गवत व गहू पिकू लागला.

या सुधारणेची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. कँटरबरीचा प्रदेश सरकारने १८४८ साली न्गाई ताहू या माओरी जमातीकडून अवघ्या २,००० पौंडांस घेतला होता. पाणथळ जागा म्हणजे त्या लोकांची मासे व पाणपक्षी मिळविण्याची ठिकाणे. ती राखण्याचे वचन पाळले गेले नाही. त्याची भरपाई १९९८ च्या कायद्याने झाली.

कळप वाढले, तरी मांसाला गिऱ्हाईक नव्हते. वाढावा मेंढ्या कढवून चरबी काढीत. १८८२ साली 'डनेडिन' जहाजाने गोठविलेले मांस लंडनला सुस्थितीत पोहोचविले आणि चित्र पालटले. परंतु गोठवणीचा कारखाना एकट्यादुकट्या मेंढपाळाच्या आवाक्यातील नव्हे. त्याच सुमारास स्थापन झालेल्या कँटरबरी फ्रोझन मीट कंपनीचे ग्रिग हे पहिले अध्यक्ष झाले. १८८३ मध्ये तिचा कारखाना ख्राइस्टचर्चजवळ बेलफास्ट येथे सुरू झाला.

१८८४ साली वाकानुई मतदारसंघाने त्यांना संसदेवर पाठविले. पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे खरे सार्वजनिक कार्य या कंपनीतच दिसते. १९०१ साली ते निवर्तले. ॲशबर्टन गावात त्यांचा पुतळा आहे.