वेदनेची गोळी : गरजेपुरती आणि मोजून

घरात कोणाचे मोठे ऑपरेशन झाले की दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक जण म्हणतो, "ती नशेची गोळी आहे, मी घेणार नाही. सब्र करीन." दुसरा म्हणतो, "डॉक्टरांनीच दिली आहे ना, मग दुखेल तेव्हा घेत राहीन." पहिल्याला हरामची भीती वाटते, दुसऱ्याला कसलीच भीती वाटत नाही. दोघांचेही चुकते.

मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल ही अफूच्या जातकुळीतली वेदनाशामके आहेत. मॉर्फिन आणि कोडीन अफूतच असतात, बाकीची कारखान्यात तयार होतात. मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप ही औषधे अडवतात. मात्र त्यांचे काम तेवढ्यावर थांबत नाही. आतडी आणि श्वास यांच्यावरही त्यांचा परिणाम होतो.

शरीअतची मुभा

नशा हराम आहे, यात वाद नाही. पण नशेसाठी घेणे आणि इलाजासाठी घेणे वेगळे. निकडीच्या वेळी निषिद्ध गोष्टीचीही मुभा मिळते, हा फिक्हचा प्रसिद्ध नियम आहे. त्याला जोडूनच दुसरा नियम येतो : ही मुभा निकडीपुरतीच असते. म्हणून जाणकार डॉक्टरांनी गरज पाहून दिलेले औषध घेण्यात गुन्हा नाही. उलट वेदना सोसत पडून राहिलेला रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. त्यातून न्यूमोनियाचा आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. इलाज नाकारणे म्हणजे सब्र नव्हे.

डॉक्टरांचा नियमही तोच आहे : कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस.

होणारे त्रास

बद्धकोष्ठता हा सर्वांत नेहमीचा त्रास. पाणी, चालणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले जुलाबाचे औषध यांनी तो आटोक्यात राहतो. मळमळ, उलटी, खाज, लघवी अडणे, चक्कर आणि गुंगी हेही होऊ शकते. म्हणून वयस्कर दादी-नानांना फजरच्या वुजूसाठी एकट्याने उठू देऊ नका. पडून हाड मोडले तर दुसरे ऑपरेशन ओढवते. उभे राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिलीच आहे. गुंगी असेपर्यंत गाडी चालवू नये.

सर्वांत मोठा धोका श्वास मंदावण्याचा. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर तो अनेक पटींनी वाढतो. झोपेत घोरून श्वास अडणारे, दमेकरी, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण आणि वृद्ध यांनी आपला आजार व चालू गोळ्या डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. फिट येणाऱ्यांना आणि नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना ट्रामाडोल घातक ठरू शकते. कोडीन आणि ट्रामाडोल बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये. सिझेरियननंतर बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने ही औषधे डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण दुधावाटे ती बाळापर्यंत पोहोचतात.

रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर थांबू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका आणि १०८ ला फोन करा.

घरोघरी होणाऱ्या चुका

ट्रामाडोलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. वरून ताप आला म्हणून डोलो किंवा क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉलची मात्रा नकळत वाढते आणि यकृताला इजा होऊ शकते. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल कधीही होऊ नये. रमजानमध्ये दिवसाची चुकलेली गोळी भरून काढायला इफ्तारनंतर दोन एकदम घेणे तर फारच धोक्याचे. आजाऱ्याला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहे, ती घ्यावी.

गोळी बरेच दिवस चालली की शरीराला तिची सवय होते. मग तेवढ्या मात्रेने भागत नाही आणि अचानक बंद केली तर घाम, अंगदुखी, जुलाब, बेचैनी, झोप न येणे सुरू होते. अशा वेळी रुग्णाला 'नशेबाज' म्हणून हिणवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करता येते. पण दुखणे गेल्यावरही गोळी हवीशी वाटू लागली, लपवून घेतली जाऊ लागली, तर निकडीची मुभा संपली आहे, हे ओळखा आणि लगेच मदत घ्या.

कायदाही म्हणूनच कडक आहे. ट्रामाडोल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. चिठ्ठीशिवाय ते देणारा दुकानदार तुमच्यावर मेहेरबानी करत नसतो.

उरलेल्या गोळ्या कपाटात जपून ठेवू नका. खालाच्या गुडघेदुखीला किंवा शेजाऱ्याच्या कंबरदुखीला त्या देऊ नका. लहान मुलाच्या हाती लागलेली एक गोळीही जीव घेऊ शकते. त्या दुकानदाराकडे परत घेतात का, ते विचारा.

दवाखान्यातून घरी निघताना डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : ही गोळी अफूच्या वर्गातली आहे का, किती तासांनी घ्यायची, किती दिवसांनी थांबवायची आणि तिच्यासोबत काय घ्यायचे नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिला विनाकारण वेदनेत ठेवणे योग्य नाही आणि गोळीच्या स्वाधीन करणेही योग्य नाही.