ढगाळ उजेडातला मोर आणि मोनोपॉड

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली जाहीर झालेलं हे रान सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मोराचा पिसारा पावसाळ्याच्या तोंडाशी भरात येतो आणि पावसाळा सरता सरता गळतो. त्यामुळे नाच टिपायचा तो बहुधा आभाळ भरून आलेलं असताना, सकाळ-संध्याकाळच्या मंद उजेडात.

४०० मिमीची लेन्स नुसत्या हातात असेल, तर थरथर लपवायला शटर साधारण १/४०० सेकंद लागतं. मोनोपॉड इथे कामी येतो. तो कॅमेऱ्याच्या तळाला न लावता लेन्सच्या कॉलरला लावा, म्हणजे वजन मध्यावर तोललं जातं. उंची डोळ्याला व्ह्यूफाइंडर सहज लागेल एवढी ठेवा. मोनोपॉडचं टोक किंचित पुढे रोवा, पाय फाकवून उभे राहा. तुमचे दोन आणि त्याचा एक मिळून तिवई होते. डावा हात लेन्सवर, कोपर अंगाशी. श्वास सोडता सोडता बटण हळू दाबा आणि तीन-चार फ्रेम सलग घ्या. पहिलीला बोटाचा धक्का बसतो, पुढची एखादी स्वच्छ निघते.

आता हिशेब. समजा अॅपर्चर ५.६, शटर १/५०० आणि आयएसओ ३२०० आहे. मोर स्तब्ध उभा असेल तर शटर १/१२५ वर आणा. उजेड चौपट मिळेल, आयएसओ ८०० पुरेल आणि मानेच्या निळाईत दाणे कमी दिसतील. चालत्या मोराला मात्र पुन्हा १/५०० हवं.

नाचताना मोर पिसारा थरथरवतो तेव्हा पिसं सेकंदाला सुमारे २५ वेळा हलतात, पण त्यांवरचे डोळे जवळपास जागच्या जागी राहतात. म्हणून १/१२५ वर डोळे बऱ्यापैकी रेखीव येतात, भोवतालचे तंतू पुसटतात. ती थरथर दिसायला हवी की प्रत्येक तंतू, हे आधी ठरवा.

फ्लॅश वापरू नका. पक्षी बिचकला तर मागे सरा.

फोटो मोठा करून तपासा. मोरासकट मागचं झुडूपही एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं, तर हात हलला, पकड सुधारा. झुडूप स्वच्छ आणि मोरच फरकटलेला असेल, तर तो हलला, शटर वाढवा. मोनोपॉड फक्त तुमचा हात थोपवतो, पक्ष्याची हालचाल शटरनेच थोपवावी लागते.