व्होल्टेज डाऊन झालं की साउंडचा आवाज का बिघडतो?

पांढुर्णा : गणपती, पोळा, नवरात्र आले की पांढुर्णा-सौंसर भागात साउंडवाल्यांची धावपळ सुरू होते. आणि दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते, 'लाईन खराब आहे, म्हणून आवाज फाटतो.' यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण अर्धंच. घरगुती सिंगल फेजचं ठरलेलं व्होल्टेज 230 असतं. रब्बीत संत्र्याच्या बागा आणि गव्हासाठी मोटारपंप एकाच वेळी सुरू झाले, की डीपीपासून लांबच्या गावात ते बरंच खाली येतं. जुन्या पद्धतीच्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅम्प्लिफायरमध्ये आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं. 230 चे 180 झाले, तर 100 वॉटचा अॅम्प्लिफायर जेमतेम 61 वॉट देतो. कानाला मात्र हा फरक फारच थोडा वाटतो, साधारण 2 डेसिबल. खरी गडबड त्यानंतर होते. आवाज कमी वाटतो म्हणून ऑपरेटर व्हॉल्यूम वाढवतो, अॅम्प्लिफायरची ताकद संपते, आवाजाच्या लहरींचे शेंडे कापले जातात. यालाच आपण आवाज फाटला म्हणतो. यातच ट्विटर जळतो, आणि दोष लाईनवर जातो.

नव्या एसएमपीएसवाल्या मशीन बहुधा कमी व्होल्टेज सांभाळून घेतात.

भजनात पेटी-तबल्यामागे जी सतत 'हूं' ऐकू येते, तिचं कारण वेगळं. आपली वीज सेकंदाला 50 वेळा दिशा फिरवून परत येते, तोच हा 50 हर्ट्झचा सूर. मिक्सर मंचाजवळच्या बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्याच घरातून जोडला, की दोन्हीकडच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे केबलच्या जाळीतून करंट वाहतो आणि गुणगुण सुरू होते. स्टॅबिलायझर लावून ती जात नाही. दोन्ही मशीन एकाच बोर्डावरून चालवा, माइकची वायर वीजवायरपासून दूर ठेवा. काही जण थ्री-पिनची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर माइक धरणाऱ्याच्या जिवावर बेततं. पाऊस पडत असताना तर हा प्रकार वेडेपणाच म्हणायचा.

महागड्या पॉवर केबलचं काय? जपानमध्ये तर काही शौकिनांनी 'शुद्ध' विजेसाठी घरापुढे स्वतःचा वेगळा खांब उभारला! मंडपात पाच हजारांची केबल घेण्यापेक्षा तेवढ्यात बरी अर्थिंग करून घेतलेली परवडते.

न्यूट्रल तुटला तर मात्र आवाजाचा प्रश्नच उरत नाही. दोन फेजमधलं 400 व्होल्ट दोन घरांच्या लोडवर विभागलं जातं आणि कमी लोडच्या बाजूला 300 च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. दिवे अचानक जास्त प्रखर झाले, तर आधी मेन स्विच बंद करा आणि लाईनमनला बोलवा. जनरेटरवर चालवत असाल, तर जनरेटर आधी सुरू करून स्थिर होऊ द्या, मग अॅम्प्लिफायर लावा. बंद करताना उलटा क्रम ठेवा.