‘लक्ष दे’ म्हणतो आपण, पण लक्ष द्यायचं कसं? : बुद्धांचं मनाचं शास्त्र आणि आपली मुलं



शाळेत आणि घरात मिळून आपण दिवसभरात ‘लक्ष दे’ हे दोन शब्द किती वेळा म्हणतो, एकदा मोजून बघा. मूल बेरजेत चुकलं, लक्ष दे. दूध उतू गेलं, लक्ष कुठे होतं? पण लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणत्या तासाला शिकवतो आपण? पाढे पाठ करून घेतो, कविता चालीत म्हणून घेतो. लक्ष मात्र मुलाकडे आपोआप असेल असं आपण धरून चालतो.

साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी गौतम बुद्धांनी हाच प्रश्न हाती घेतला. मन कसं चालतं, ते कुठे अडकतं, आणि त्या अडकण्यातून माणूस मोकळा कसा होतो, याचा त्यांनी बारकाईने विचार मांडला. हा विचार आपल्या खान्देशाला परका नाही. तो समजून घेऊ, आणि वर्गात व घरात त्याचा किती उपयोग आहे, किती नाही, तेही प्रामाणिकपणे बघू.

पिकात शिरलेलं ढोर

जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता त्यांनी गाणी रचली. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. मनावरची त्यांची कविता आपण सगळ्यांनीच शिकवली आहे. त्यात त्यांनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. कितीही हाकला, फिरून पिकावर येणारच.

आता गंमत बघा. पाली भाषेतल्या संयुत्त निकायात, वीणेच्या दृष्टान्तासाठी प्रसिद्ध असलेल्या एका सुत्तात बुद्ध जवळपास हेच चित्र रंगवतात. पीक तयार आहे, राखणदार बेसावध आहे, आणि पिकाला चटावलेला बैल शेतात शिरून मनसोक्त खातोय. राखणदार जागा असेल तर तो बैलाला वेळीच धरतो, बाहेर काढतो. असं दोन-तीन वेळा झालं की बैल त्या शेताकडे फिरकत नाही. आसोद्याच्या या बाईने पाली ग्रंथ वाचले असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी शेत राखणाऱ्या माणसाला मनाचा स्वभाव तसाच दिसला.

बुद्धांच्या दृष्टान्तात एक पात्र जास्तीचं आहे, तो राखणदार. त्या राखणदाराला पालीत ‘सति’ म्हणतात. संस्कृतमध्ये स्मृती. आज आपण सजगता किंवा जागरूकता म्हणतो. सति म्हणजे आत्ता काय चाललंय याची आठवण ठेवणं. मन शेतात शिरलं हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी राखणदार जागा झाला.

सहा प्राणी आणि एक खुंटा

वर्गात सांगायला आणखी एक दृष्टान्त फार चांगला आहे. साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड, असे सहा प्राणी दोरांनी एकमेकांना बांधले. साप वारुळाकडे ओढतो, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे आणि माकड रानाकडे. ज्याचा जोर जास्त, त्याच्यामागे बाकीचे फरफटत जातात. हे सहा म्हणजे आपले डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन.

मग तेच प्राणी एका भक्कम खुंट्याला बांधले तर? ओढाओढ होईल, पण दमून शेवटी ते खुंट्याशीच बसतील. तो खुंटा म्हणजे आपल्या शरीराचं भान. म्हणून तर सुरुवात श्वासापासून करतात. श्वास नेहमी आत्ताच चालू असतो. कालचा श्वास घेता येत नाही, उद्याचाही नाही.

मुलांना विचारा, ‘आज तुमचा कोणता प्राणी सगळ्यात जास्त ओढतोय?’ उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

‘वेदना’ या शब्दाचा जुना अर्थ

मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत मात्र वेदना म्हणजे कोणतीही जाणीव : सुखद, दुःखद, किंवा दोन्ही नसलेली. हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं सोपं होतं.

समजा, गणिताच्या चाचणीचा पेपर हातात पडला. २० पैकी ७ गुण. आता मुलाच्या आत काय घडतं ते पायरी-पायरीने बघू.

१. स्पर्श : डोळ्यांना ७ हा आकडा दिसला.
२. वेदना : पोटात गोळा आला, कान तापले. जाणीव नकोशी आहे.
३. तृष्णा : ही जाणीव नको, आत्ताच्या आत्ता जावी, अशी धडपड. मग पेपर लपवणं, शेजाऱ्याची टर उडवणं, सरांनी मुद्दाम कमी दिले म्हणणं.
४. उपादान : घट्ट धरून बसणं. ‘मला गणित येतच नाही. मी ढच आहे.’

पहिल्या दोन पायऱ्यांवर मुलाचा ताबा नाही. आकडा दिसणार, पोटात गोळा येणार. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एक छोटी फट आहे. ‘माझ्या पोटात गोळा आलाय’ एवढं त्याला कळलं, तर पेपर लपवायचा की सरांकडे जाऊन कुठे चुकलं ते विचारायचं, हे तो ठरवू शकतो. नाही कळलं, तर जुनी सवय ठरवते. बौद्ध विचारातलं आतलं स्वातंत्र्य या फटीत आहे. वेदना येऊ न देणं माणसाच्या हातात नाही. तिच्यामागे फरफटत जायचं की नाही, एवढं हातात येऊ शकतं.

बुद्धांनी यालाच दोन बाणांची उपमा दिली. पहिला बाण लागला, ते दुःख आहेच. पण न शिकलेला माणूस त्यावर शोक करतो, चरफडतो, आणि दुसरा बाण लावून घेतो. ७ गुण हा पहिला बाण. ‘मी ढच आहे’ हा दुसरा. आणि खरं सांगायचं तर हा दुसरा बाण पुष्कळदा आपणच मारतो. ‘शेजारच्याला १८ पडले, तुला काय धाड भरली?’ हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

अजिंठ्याच्या सहलीत एवढं दाखवाच

जळगावकर ज्या वाघूरच्या धरणाचं पाणी पितात, तीच वाघूर वर अजिंठ्याच्या डोंगराला घोड्याच्या नालासारखं वळण घेते. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर. आपल्या सहली तिथे जातातच. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघून, फोटो काढून आपण परततो. पुढच्या वेळी २६ व्या लेण्यात थोडं थांबा. महापरिनिर्वाणाची प्रचंड मूर्ती आहे त्याच बाजूच्या भिंतीवर मारविजयाचा प्रसंग कोरला आहे. मध्ये झाडाखाली बुद्ध शांत बसलेत, भोवती माराची फौज चालून आलीय, खाली माराच्या मुली भुलवायला नाचतायत.

हा मार कोण? सुत्तनिपातातल्या पधान सुत्तात त्याच्या फौजांची नावंच दिली आहेत : भोगाची इच्छा, कंटाळा, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका, ताठा. म्हणजे ही फौज बाहेरून आलेली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या मुलांवर चालून येते ती हीच. आणि जुन्या कथांत मार हरतो कसा? ‘मार, मी तुला ओळखलं’ असं कळलं की तो खट्टू होऊन निघून जातो. भीतीला ‘ही भीती आहे’ म्हणून ओळखणं, हाच सजगतेचा सराव.

इगतपुरी, धुळे आणि आपली शाळा

म्यानमारमध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका तिथल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली भारतात आले. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे धुळ्यात डेडरगावच्या जलशुद्धीकरण केंद्राजवळ ‘धम्म सरोवर’ हे त्याच परंपरेतलं केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा असतो. त्याला आनापान म्हणतात. याच आनापानाचा छोटा सराव महाराष्ट्र शासनाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांमध्ये आणला. दिवसातून काही मिनिटं, डोळे मिटून, नैसर्गिक श्वासावर लक्ष. आपल्यापैकी कित्येकांनी त्याचं प्रशिक्षणही घेतलं असेल.

पण उपक्रम कागदावर असणं वेगळं आणि त्याचा मुलांना उपयोग होणं वेगळं. इंग्लंड व आसपासच्या भागात ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर सजगतेच्या शालेय कार्यक्रमाचा मोठा अभ्यास झाला. २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले. शाळेत आधीपासून जे भावनिक-सामाजिक शिक्षण चालू होतं, त्यापेक्षा या कार्यक्रमाने मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्त फरक पडला नाही. बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. शिक्षकांचा थकवा मात्र सुरुवातीला कमी झाला, पुढे वर्षभरात तोही परिणाम बराचसा ओसरला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, ही जादूची कांडी नाही. दोन, सुरुवात आपल्यापासून व्हायला हवी आणि ती टिकायला हवी. चिडलेल्या आवाजात ‘शांत बसा, श्वास बघा’ म्हणणाऱ्या शिक्षकाकडून मुलं श्वास शिकत नाहीत, चिडणं शिकतात.

सहन करायला शिकवणं नव्हे

इथे एक धोका आहे, तो स्पष्ट बोलायला हवा. आतलं स्वातंत्र्य म्हणजे मुकाट्याने सोसणं, असा सोयीचा अर्थ काढला जातो.

धुळ्याजवळ लळिंगच्या परिसरात लांडोर बंगला आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. बाबासाहेबांनी १९५६ साली बुद्धांचा मार्ग स्वीकारला, तो डोळे मिटून अन्याय विसरण्यासाठी नव्हे. माणसाने माणसाशी कसं वागावं, हा त्यांच्या दृष्टीने धम्माचा गाभा होता. म्हणून वर्गात एखाद्या मुलाला जातीवरून, रंगावरून चिडवलं जात असेल, तर त्याला ‘तू श्वास बघ’ सांगणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे. तिथे चिडवणाऱ्याला थांबवणं हे आपलं काम. उपाशी आलेल्या मुलाला आधी जेवण.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ग्रंथ वेगळा, परंपरा वेगळी. पण दोघे तिथे पोहोचले ते परकीय सत्तेविरुद्ध उभे राहिले म्हणून. मन मोकळं असलेली माणसं अन्यायाशी झगडू शकतात, हे त्या भिंतींनी पाहिलं आहे.

मग करायचं काय?

- आधी स्वतः महिनाभर रोज दहा मिनिटं बसा. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा. लांब-आखूड करायचा नाही, मोजायचा नाही. मन भटकणार. भटकलं हे कळलं की परत यायचं. ते परत येणं हाच खरा सराव.
- मुलांसोबत पाच मिनिटं पुरे. ज्याला डोळे मिटायला भीती वाटते, त्याने उघडे ठेवून जमिनीकडे बघावं. सक्ती नको.
- शिक्षा म्हणून कधीही बसवू नका. बुद्धांच्या दृष्टान्तातल्या राखणदाराच्या हातात काठी आहे, ती स्वतःच्या मनासाठी. वर्गात आणायची नाही.
- नंतर एकच प्रश्न : ‘मन कुठे कुठे गेलं होतं?’ ‘क्रिकेटला’, ‘डब्यातल्या भरताकडे’, ‘आईच्या दवाखान्यात’. कुठल्याच उत्तराला हसायचं नाही. तिसऱ्या उत्तरामागे मात्र जायचं, त्या मुलाशी एकटं बोलायचं.
- घरी निकालाच्या दिवशी पालकांनी बोलण्याआधी तीन श्वास घ्यावेत. पहिला बाण मुलाला लागलेलाच आहे. आपला बाण भात्यातच राहू द्या.
- मूल सतत उदास असेल, झोपत-जेवत नसेल, स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर ध्यानावर विसंबू नका. थेट डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या.

यंदाच्या पहिल्या घटक चाचणीचे पेपर वाटण्याआधी हे एकदा करून बघा. पेपर हातात देण्यापूर्वी दोन मिनिटं श्वास, मग पेपर, मग मुलांना विचारा, ‘आकडा बघितल्यावर शरीरात कुठे काय झालं?’ मुलं काय म्हणाली ते वहीत टिपून ठेवा, आणि दुसऱ्या चाचणीच्या वेळी परत विचारा. दोन्ही पानं शेजारी ठेवली की फरक पडला की नाही, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.