कालव्याचं पाणी सरळ वाफ्यात सोडू नका



लाईट आली की मोटर चालू आणि टाकी भरली की बंद, अशी पेटी आता काही तरुण मंडळी घरीच जोडतात. चांगली गोष्ट आहे. पण तार चुकली तर पेटी पहिल्याच दिवशी जळते. तेव्हा हे नीट वाचा.

पेटीचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. ईएसपी ३२ घेतलात, तर त्याची पिन ३.३ व्होल्टचीच. आपली १२ व्होल्टची बॅटरी चार्जिंगला १४.४ व्होल्टपर्यंत चढते. कालव्याचं पाणी सरळ वाफ्यात सोडलं तर वाफा फुटणारच!

१) बॅटरी मोजायची असेल तर : बॅटरीच्या अधिक टोकापासून पिनपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. पिनपासून ग्राउंडला २.२ किलोओहमचा लावा. बॅटरीचं उणे टोक कार्डाच्या ग्राउंडला जोडा. मग १४.४ व्होल्टचे पिनपाशी सुमारे २.६ व्होल्टच उरतात. खालचा रेझिस्टर सुटला तर दाब पिनवर चढतो, म्हणून डाख पक्का द्या. पिन जोडण्याआधी मीटरने मोजा.

२) टाकीवरून लांब तार येत असेल तर : विजेच्या कडकडाटात अशा तारेत झटका उतरतो. इथे पीसी ८१७ ऑप्टोकपलर वापरा. त्याच्या आत बारीक दिवा असतो; निरोप उजेडाने पलीकडे जातो, तार जोडलेली नसते. दिव्याच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि दिव्याला उलटा डायोड लावा. पलीकडे पिनला १० किलोओहममधून ३.३ व्होल्ट द्या. दिवा लागला की ऑप्टोकपलर पिन ग्राउंडला ओढतो. म्हणजे निरोप आला की पिनवर शून्य दिसतं. प्रोग्रॅम तसाच लिहा, नाहीतर मोटर नको तेव्हा चालेल. दोन्ही बाजूंना सप्लाय वेगळा ठेवा. ग्राउंड एकत्र बांधलं तर आडोसा गेलाच.

३) लाईट आली का, हे बघायचं असेल तर : २३० व्होल्टला रेझिस्टरची जोडी लावू नका. तिथे चिपच नव्हे, माणूसही जातो. २३० व्होल्टच्या कॉइलचा रिले परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. पिनकडे फक्त रिलेचे मोकळे संपर्क आणा.

रेझिस्टर दोन-चार रुपयांचा. तो वाचवायला जाऊन पीक, मोटर आणि जीव धोक्यात घालू नका. आधी मीटर, मग पिन!